ऊन कुणाच्या खात्यावर मांडायचं?

मागच्या मे महिन्यात विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाची बैठक होती. विषय ठेवला होता उन्हाळ्यातली काळजी. ओआरएसची पुडी किती पाण्यात कालवायची हे आम्ही सांगत होतो, तेवढ्यात मागं बसलेल्या एका आजींनी विचारलं, "सिस्टर, ते आभाळाला भोक पडलंय म्हणतात, ते बुजवायचं काय झालं?" बायका हसल्या. आजी हसल्या नाहीत. त्यांचं घर पत्र्याचं, घरात दम्याचा पेशंट असलेला नवरा, आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

आम्ही काहीतरी उत्तर दिलं, पण ते धड नव्हतं. नर्सिंगच्या डिप्लोम्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं उन्हाचे पेशंट हाताळले, पण ऊन का वाढतंय हे विचारलं तर आमचीही दातखीळ बसली. मग आम्ही वाचलं, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं, जमेल तेवढं समजून घेतलं. त्या आजींना द्यायचं राहिलेलं उत्तर या पानावर देतो आहोत. उत्तरासोबत एक तक्रारही आहे, ती पुढं येईल.

आधी ते भोक. ओझोनचा थर वर आहे आणि तो विरळ झाला होता, हे खरं. जुन्या फ्रिज-एसीतल्या आणि स्प्रेच्या डब्यांतल्या वायूंमुळे ते झालं. १९८७ साली माँट्रियलला जगातल्या देशांनी करार केला, ते वायू हळूहळू बंद केले, आणि आता तो थर सावकाश भरून येतो आहे. म्हणजे आजी, भोक बुजतंय. पण आपल्या घरातली काहिली त्या भोकातून आलेली नाही. तिचं कारण वेगळं आहे.

ते कारण गोधडीतून नीट कळतं. आपल्याकडे जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून गोधडी शिवतात. गोधडी स्वतः गरम नसते. ती अंगातून बाहेर जाणारी ऊब अडवते, एवढंच. पृथ्वीभोवतीही वायूंची अशी एक गोधडी आहे. दिवसा सूर्याचं ऊन जमिनीवर येतं, जमीन तापते आणि ती ऊब पुन्हा वर आकाशात सोडते. कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, मिथेन हे वायू त्यातली काही ऊब धरून ठेवतात. ही गोधडी वाईट नाही. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंशांच्या आसपास असतं, आणि आपण कुणीच नसतो. बिघडलंय ते इतकंच की गेल्या दीड-दोनशे वर्षांत या गोधडीला माणसानं जादा पदर शिवले.

कसे शिवले? कोळसा, डिझेल, पेट्रोल, गॅस जाळून. आपल्याला लांब जायला नको. नाशिकरोडकडून एकलहऱ्याची चिमणी दिसते. तिथल्या वीज केंद्रात कोळसा जळतो. त्या राखेचा, धुराचा त्रास आपल्याला माहीत आहे, खोकला त्यानंच होतो. पण पृथ्वी तापवतो तो काळा धूर नव्हे. कोळशातला कार्बन जळून जो वायू होतो त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याचा बराचसा भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. आजीच्या लग्नाच्या वर्षी जळालेल्या कोळशातला काही वायू आज तिच्या पणतीच्या डोक्यावर आहे.

हे पहिल्यांदा कुणी दाखवलं ते वाचून आम्हाला फार बरं वाटलं. अमेरिकेत युनिस फूट नावाची बाई होती. तिनं काचेच्या नळ्या घेतल्या, त्यांत थर्मामीटर ठेवले, एका नळीत साधी हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड, आणि दोन्ही उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापली आणि सावलीत आणल्यावर उशिरा निवली. तिनं तेव्हाच लिहून ठेवलं की हवेत हा वायू जास्त असेल तर पृथ्वी जास्त उष्ण असेल. साल १८५६. विद्वानांच्या परिषदेत तिचा निबंध एका पुरुषानं वाचून दाखवला, आणि पुढं शंभरावर वर्षं तिचं नाव कुणाला आठवलं नाही. हीच बाई १८४८ साली अमेरिकेत स्त्रियांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत होती. त्याच वर्षी आपल्या सावित्रीबाई भिडेवाड्यात मुलींना शिकवत होत्या.

आता आकडे, दोनच. कारखानदारी वाढण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ४२० च्या वर आहेत. बैठकीत हे सांगितल्यावर एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, "दहा लाखांत चारशे म्हणजे काहीच नाही की!" आम्ही त्याला हृदयाच्या पेशंटची डिगॉक्सिनची गोळी सांगितली. तिच्यात औषध असतं पाव मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला एवढंसं औषध हृदयाची चाल बदलतं, आणि डोस जरा वाढला तर जीवावर येतं. थोडं आहे म्हणजे निरुपद्रवी आहे असं कुठलीच नर्स म्हणणार नाही.

दुसरी शंका सगळ्यांची असते: ऊन तर पूर्वीही होतं, पूरही येत होते, मग नवीन काय? शंका बरोबर आहे. १९६९ चा गोदावरीचा महापूर जुन्या नाशिककरांना आठवतो. तेव्हा हवामान बदलाचं नाव कुणी घेत नव्हतं. म्हणून एक पूर, एक कडक उन्हाळा दाखवून काही सिद्ध होत नाही. वॉर्डात पेशंटच्या पलंगाला तापाचा तक्ता लटकवलेला असतो. एका वेळचा ताप बघून आम्ही घाबरत नाही, तक्त्यावरची रेघ कुठं चालली आहे ते बघतो. आजचं ऊन म्हणजे एक नोंद. हवामान म्हणजे तीस-तीस वर्षांचा तक्ता. आणि जगाच्या तक्त्यावरची रेघ वर चालली आहे. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं, १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंश सेल्सियस जास्त. दीड अंश म्हणजे काय, असं ज्याला वाटतं त्यानं आठवावं की लेकराचा ताप ३७ चा ३८.५ झाला की आपण रात्री दवाखाना शोधतो.

काहीजण म्हणतात हा कलियुगाचा कोप आहे. कारणाशिवाय काही घडत नाही हे ज्यांना धम्मानं शिकवलं, त्यांनी तरी हे म्हणू नये. कोप म्हटलं की जाब कुणाला विचारायचा?

आता आमच्या अखत्यारीतलं, म्हणजे शरीराचं. माणसाचं शरीर घामानं थंड होतं. घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि आतली उष्णता आतच राहते. म्हणून नुसता पाऱ्याचा आकडा बघून ऊन कळत नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम झाला. लाखो माणसं उघड्या मैदानात तासन् तास बसली होती. उन्हानं १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी तिथला पारा ३८ च्या आसपास होता. चंद्रपूरचा माणूस ३८ ला ऊनसुद्धा म्हणणार नाही. पण समुद्राकाठची दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, आणि गर्दीतून उठून जायची सोय नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

त्याच्या दोनच दिवस आधी आपली जयंती होती. आपल्या जयंतीचा महिना एप्रिल, बुद्ध पौर्णिमेचा मे. लेझीम खेळणाऱ्या मुली, रथावरची लहान लेकरं, पांढऱ्या साडीत सकाळपासून उपाशी उभ्या असलेल्या बाया, हे सगळं आठवा. मंडळांनी डीजेच्या बिलातून एक पाण्याचा टँकर आणि सावलीचा एक मांडव काढला तर बाबासाहेबांचा मान काही कमी होणार नाही. हे लिहिल्याबद्दल तरुण मंडळी आमच्यावर रागावतील. रागवावं.

आणि रात्र. गोधडीचं काम खरं रात्रीच असतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री ऊब सोडते, आणि तीच आता जास्त अडते. म्हणून रात्रीही तापल्या आहेत. पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतोही, पण आपल्या घरांच्या विटांच्या भिंती, मधलं सिमेंटचं बोळ आणि खिडकीच नसलेली मागची बाजू मध्यरात्रीपर्यंत धग धरून ठेवतात. शरीराला दिवसाचा मार भरून काढायला थंड रात्र लागते. ती मिळाली नाही की दुसऱ्या दिवशी माणूस आधीच दमलेला असतो. जुने नाशिककर सांगतात, पूर्वी इथं पंखा लागत नव्हता. आता बाया रात्री दोन वाजता ओट्यावर येऊन बसतात, आणि अंधारात ओट्यावर बसणं सगळ्यांनाच सुरक्षित वाटत नाही. हेही आरोग्याचंच आहे.

एक प्रसंग सांगायचा आहे. आम्ही तेव्हा नोकरीत होतो, दवाखान्याचं नाव महत्त्वाचं नाही. मे महिन्यात दुपारी चारला एका बिगाऱ्याला रिक्षात घालून आणलं. स्लॅबच्या कामावर पडला होता. असंबद्ध बोलत होता, ओकला होता, हातपाय झाडत होता. "प्यायलाय," कुणीतरी म्हणालं. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटलं. बाकड्यावर निजवून ठेवला. पाऊण तासानं अंगाला हात लावला तेव्हा चटका बसला. अंग कोरडं, ताप १०६. मग बर्फ, ओल्या चादरी, सलाईन, सगळं केलं. रात्री तो गेला. कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं: हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने. त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, हे आम्हाला नंतर आठवलं.

हीच आमची तक्रार. हृदय तर प्रत्येक मेलेल्या माणसाचं बंद पडतं. मृत्यूच्या कारणाच्या त्या फॉर्मवर त्याखाली आणखी ओळी असतात: हे कशामुळे झालं, त्याआधी काय झालं, कशाची भर पडली. त्या ओळींत 'उष्णता' लिहिता येते. लिहिली जात नाही. कधी घाईमुळे, कधी दाखल होताना ताप मोजलेलाच नसतो म्हणून. मग बिगारी हार्टनं गेला, आजी म्हातारपणानं गेली, दम्याचा पेशंट दम्यानं गेला. उन्हानं कुणीच गेलं नाही. आणि जे मोजलंच गेलं नाही त्यासाठी पैसा कोण ठेवणार? २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी केंद्रानं राज्यांच्या आपत्ती निधीचे जे नियम केले, त्यांतल्या आपत्तींच्या यादीत भूकंप होता, पूर होता, गारपीट होती, थंडीची लाटसुद्धा होती. उष्णतेची लाट नव्हती. थंडीनं मेलेला माणूस त्या यादीत बसत होता, उन्हानं मेलेला बसत नव्हता.

म्हणून घरच्यांना सांगणं आहे. उन्हात काम करणारं किंवा पत्र्याखाली पडून असलेलं माणूस असंबद्ध बोलू लागलं, झिंगल्यासारखं चालू लागलं, तर आधी ऊन लागलं असं धरा, दारू नंतर. १०८ ला फोन करा आणि गाडी यायची वाट न बघता तिथल्या तिथं थंड करायला लागा: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, काखेत, मानेला, जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही. शुद्धीवर आहे, नुसता थकवा आणि गोळे आले आहेत, तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ कालवून घोटघोट द्या. ज्यांना बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, ज्यांना मानसिक आजाराच्या गोळ्या आहेत, त्यांना ऊन लवकर लागतं. गोळ्या मनानं बंद करू नका, पण उन्हाळा लागताना डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईलाही जपा. फार उष्णतेत दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. आणि दवाखान्यात गेल्यावर आवर्जून सांगा: "उन्हात होता, आधी ताप मोजा आणि लिहा." कागदावर आलेली पहिली नोंद पुढं फार कामाला येते. हे आम्ही पाऊण तास उशिरा शिकलो.

पावसाचंही थोडं. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ पोटात धरते. आधी बरेच दिवस कोरडी जाते आणि मग एकदम ओतते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्यांत अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाफेचा हात मोठा आहे. नाशिकमध्ये २००८, २०१६ आणि २०१९ ला गोदावरी काठावर चढली. दुतोंड्या मारुतीला आपण हात जोडत नसलो तरी पुराची पट्टी म्हणून अख्खं शहर त्याच्याकडेच बघतं: पाणी कमरेला की छातीला. पण पाणी मारुतीच्या छातीला लागायच्या आधी कुणाच्या चुलीत शिरलेलं असतं? आपल्या आजा-पणजाला जागा मिळाली ती गावकुसाबाहेर, उताराला, नाल्याकडेला. पुढं शहरात आलेल्यांनाही तसलीच मिळाली. २००८ नंतर निळी आणि लाल पूररेषा आखली गेली. त्या रेषा नव्या असतील, पण त्यांच्या आत कुणी राहायचं हे जातीनं फार आधी ठरवून ठेवलं होतं. पुरानंतर घरात पिंप भरून ठेवावे लागतात, कारण नळाचा भरवसा नसतो, आणि त्याच पिंपात डेंग्यूचा डास अंडी घालतो. उष्ण हवेत तो डास लवकर वाढतो. मग फवारणीवाले येऊन म्हणतात, तुम्ही स्वच्छता पाळत नाही.

तसंच झाडांचं. दर ५ जूनला कुणीतरी वस्तीत येतं, रोपं वाटतं आणि 'वसुंधरा वाचवा, वीज वाचवा' असं सांगून फोटो काढून जातं. झाड लावायला आमची ना नाही, सावली हवीच आहे. पण हिशेब नीट मांडा. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतातला सुमारे २ टन. आणि ही भारताची सरासरी आहे. तिच्यात चार एसी आणि तीन गाड्यांचा बंगलाही आला आणि एक बल्ब, एक पंखा असलेलं आपलं घरही आलं. ज्यानं गोधडीला पदर शिवलाच नाही त्याला उसवायला सांगणं हा उलटा न्याय झाला. १९९२ च्या जागतिक करारातही देशांनी मान्य केलं आहे की जबाबदारी सगळ्यांची आहे पण सारखी नाही. तेच तत्त्व शहरातल्या वॉर्डांनाही लावा, एवढंच आमचं म्हणणं आहे.

लावायचं म्हणजे काय, तर पैसा आधी पत्र्याच्या घरांवर खर्च करायचा. अहमदाबादमध्ये २०१० च्या मे महिन्यात उन्हानं फार माणसं गेली, आणि २०१३ साली त्या महापालिकेनं उष्णतेचा कृती आराखडा केला. तिथं झोपडपट्ट्यांतली छपरं पांढरी करण्याचं कामही झालं. ऊन परतवणारा पांढरा रंग दिला की आतलं तापमान २ ते ५ अंशांनी उतरू शकतं. पत्र्यावर नुसता चुना पहिल्या पावसात धुऊन जातो, म्हणून रंग चांगला लागतो, आणि तो विकत घेणं बिगाऱ्याच्या बायकोचं काम नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी दुपारी दोनला सोडू नये, कारण रांगेत बाया आणि पोरीच उभ्या असतात. समाजमंदिर दुपारी उघडं असावं, पंखे आणि माठ भरलेला. पूररेषेतून हलवायचं तर कामाच्या जागेपासून दहा-पंधरा किलोमीटरवर नेऊन टाकू नये. यातलं काहीच चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही.

मागायला गेलो की विचारतील, पुरावा काय? म्हणून आम्ही एक वही सुरू केली आहे. वस्तीतल्या काही घरांत भिंतीला साधा खोलीचा थर्मामीटर टांगला आहे. दुपारी दोन आणि रात्री दहा, दोन वेळा आकडा लिहायचा, सोबत घरात कुणाला चक्कर आली, कुणी कामावर गेलं नाही, ते लिहायचं. नववी-दहावीच्या मुली हे काम आमच्यापेक्षा चोख करतात. पहिल्या दिवशी एकीनं घरातला तापाचा थर्मामीटर भिंतीला लावला होता. तो १०८ फॅरनहाइटच्या पुढं मोजत नाही, दुपारी पारा टोकाला जाऊन बसला. तेव्हा थर्मामीटर खोलीचाच घ्या, आणि पत्र्याला चिकटवू नका. जिथं म्हातारं माणूस निजतं त्या उंचीवर लावा.

ज्यांना नोंद ठेवायची आहे त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावं. वह्या आम्ही आणतो. आजींच्या घराचा आकडा त्या स्वतः सांगतात आणि नात लिहिते.